गच्चीवरची घोंगडी

देवाची वाट कशी पाहावी या विषयावर बिरवाडीत बोलावं तर शांतवन पारधेनेच. तसं त्याच्याशिवाय बोलणारं दुसरं कोणी नव्हतंच म्हणा. नगरकडून एमआयडीसीत कामाला आलेली पाच-सात ख्रिस्ती कुटुंबं दर रविवारी त्याच्या भाड्याच्या खोल्यांत उपासनेला जमायची. महाडहून पाळकांची, म्हणजे पाद्रीबाबांची, स्कूटर वाटेत बंद न पडता पोचली तर पाळक बोलायचे, नाहीतर शांतवन. आणि शांतवनला एकच विषय पक्का येत होता. "घाई करू नका, मंडळी. देवाच्या वेळेची वाट पाहा." हे तो इतक्या संथपणे आणि इतका वेळ सांगायचा, की ऐकणाऱ्यांना वाट पाहण्याचा सराव तिथंच बसल्या जागी व्हायचा.

कारखान्यात तो बॉयलर सांभाळायचा. बॉयलरवाल्याचा अर्धा जन्म वाफेच्या दाबाच्या काट्याकडे बघत बसण्यात जातो, त्यामुळे वाट पाहणं हा आपला अंगचाच गुण आहे अशी त्याची समजूत झाली होती. ही समजूत नाताळच्या तोंडावर कसोटीला लागली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की कारखाना गुजरातला, दहेजला हलतोय. यायचं तर तिथं जागा आहे. नसेल यायचं तर हिशेब घ्या आणि मोकळे व्हा. जानेवारी संपायच्या आत कळवा.

"आणि पारधे," साहेब म्हणाले, "तुमचं नेहमीसारखं भिजत घोंगडं नको हं."

शांतवन मान डोलावून बाहेर आला. सायकल काढून तो घराकडे निघाला.

त्याची बायको मार्था महाडच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. दिवाळीपासून तिला बाळंतपणाच्या वॉर्डची मुख्य केलं होतं. त्या संध्याकाळी ती ड्यूटीवरून येऊन भाकऱ्या थापत होती. शांतवनने तिला दहेजचं सांगितलं. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, वळली, आणि काही बोलण्यासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात शांतवनने हात वर केला. उपासनेत शेवटची प्रार्थना करताना करायचा, तसाच.

"आत्ता काही बोलू नकोस," तो म्हणाला. "आपण आपलं मत मध्ये आणायचं नाही. माणसाचं मत मध्ये आलं, की देवाचा आवाज ऐकू येत नाही. देव दाखवेपर्यंत या विषयावर घरात कोणी अवाक्षर काढायचं नाही. ना तू, ना मी."

मार्था क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली. भाकरी एका बाजूने करपली होती. शांतवनला मात्र आपलं घर किती आध्यात्मिक आहे या विचाराने अगदी भरून आलं, आणि त्या भरात तो एक भाकरी जास्त जेवला.

आता खरं काय ते सांगायला हवं, कारण शांतवनला ते माहीत होतं आणि तो ते स्वतःपासूनही लपवत होता. त्याला देवाचा आवाज नको होता, देवाची सही हवी होती. दहेजला गेलो आणि तिथलं पाणी, तिथली भाषा, तिथला साहेब सोसला नाही, तर हात झटकून म्हणता यावं, की देवानेच पाठवलं. राहिलो आणि या वयात कोणी दारात उभं केलं नाही, तरी तेच. आणि राहायचं म्हणजे बायकोच्या पगारावर बसून खायचं, हा काटा त्याच्या घशात असा अडकला होता, की प्रार्थनेतसुद्धा तो बाहेर येत नव्हता. प्रार्थनेत तो मोठमोठे शब्द वापरायचा. "हे दयाघन पित्या, तू आमचा मार्ग प्रशस्त कर." दयाघन पित्याला बहुधा कळत होतं, पण तो काही बोलत नव्हता.

त्यांच्या मंडळीत नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेला वचनांच्या चिठ्ठ्या काढायची पद्धत आहे. स्टीलच्या डब्यात वचनं लिहिलेल्या छोट्या चिठ्ठ्या असतात. डोळे मिटून एक उचलायची. जे वचन येईल ते त्या वर्षाचं. शांतवनने उचललेल्या चिठ्ठीत ऊठ आणि मी दाखवीन त्या देशाला जा, अशा अर्थाचं काहीतरी निघालं.  एवढं स्पष्ट त्याला अपेक्षित नव्हतं. डबा त्याच्याच घरी राहायचा, म्हणून लोक गेल्यावर त्याने मनाशी म्हटलं, की गर्दीत आपला हात दुसऱ्या कोणाच्या चिठ्ठीला लागला असेल. त्याने पुन्हा एक काढली. तिच्यात होतं, स्थिर राहा. एक जा म्हणते, एक राहा म्हणते, तर निकालासाठी तिसरी हवीच. तिसरीत वांझ स्त्रीला पुत्र होईल असं आश्वासन होतं. मार्थाच्या पन्नाशीला एकच वर्ष उरलं होतं आणि मुलगी पुण्यात नोकरीला होती. शांतवनने घाईने डब्याला झाकण लावलं. वर बघतो तर मार्था दारात उभी. ती काही बोलली नाही. बोलायची मनाईच होती ना.

मग त्याने पाळकांना फोन केला. पाळक म्हणाले, "पारधेभाऊ, मी तुमच्यासाठी प्रार्थना करतोच. तुम्ही पण माझ्यासाठी करा. माझी बदली इगतपुरीला होतेय की नाही, मलाच काही कळेना." दोघांनी एकमेकांना धीर धरायला सांगून फोन ठेवला.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी शांतवन पोलादपूरच्या रस्त्याला मंगेशच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. हायवेवरून एमआयडीसीकडे टँकर वळतात ते तिथून नीट दिसतात. त्याने देवाला मनातल्या मनात सांगितलं, की पुढचा टँकर गुजरात पासिंगचा आला तर जायचं, महाराष्ट्राचा आला तर राहायचं. टँकर आला, गुजरातचा. शांतवनने चहा संपवला आणि देवाला म्हणाला, तीनपैकी दोन. पुढचे दोन्ही गुजरातचेच आले. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की केमिकलचे टँकर बहुतेक गुजरातहूनच येतात. अशी परीक्षा घेणं म्हणजे देवाला अडचणीत टाकणं आहे. त्याने ती रद्द केली.

"पारधेकाका, टँकर मोजताय काय?" मंगेशने विचारलं. हा पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतला. वाडीवर म्हातारी-कोतारी तेवढी उरलेली, बाकी सगळी मुंबईला.

"नाही रे. सहज."

"मार्था सिस्टर बऱ्या हाईत ना? माज्या बायकोचं, अक्षदाचं बाळतपन त्यांनीच केलं. पोर आडवं व्हतं. डॉक्टर यायला येळ, नि ही घाबरून थंडगार पडलेली. सिस्टरनी हात धरून ठेवला रातभर, सोडलाच नाय. आता आमच्या वाडीतली बाय नड आली तर आधी इचारते, सिस्टर हाय काय ड्यूटीला? मंगच गाडी करते."

"हो का?" शांतवन म्हणाला. त्याचं लक्ष समोरून येणाऱ्या टँकरच्या नंबरप्लेटकडे होतं. देव बोलेल म्हणून कान टवकारून बसलेल्या या माणसाला शेजारी उभं राहून कोणी काही सांगत असलं, तरी ऐकू येत नव्हतं. टँकर गुजरातचा होता.

जानेवारी सरत आला. साहेबांनी दोनदा विचारलं. मार्था रोज कामाला जात होती, येत होती, स्वयंपाक करत होती आणि गप्प होती. तिची ती शांती बघून शांतवनला वाटायचं, किती विश्वास आहे हिचा. आपणच कमी पडतो.

शेवटी त्याला शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, तो गहू झोडणारा माणूस आठवला. देवाने त्याला लढाईला जायला सांगितलं, तर त्याने खूण मागितली. खळ्यात लोकर ठेवली आणि म्हणाला, उद्या सकाळी दंव फक्त लोकरीवर असू दे आणि जमीन कोरडी. तसंच झालं. शांतवनला हुरूप आला. त्याच्याकडे वडिलांची घोंगडी होती, अस्सल लोकरीची, नगरहून आणलेली. मार्थाची त्या दिवशी रातपाळी होती, त्यामुळे कोणाला काही समजावत बसायची गरज नव्हती. संध्याकाळी ती गेल्यावर त्याने घोंगडी गच्चीवर नेऊन पसरली, चारी कोपरे सारखे केले आणि देवाला अटी नीट समजावल्या. घोंगडी ओली आणि गच्ची कोरडी असली तर जायचं. घोंगडी कोरडी आणि गच्ची ओली असली तर राहायचं.

बिरवाडीला जानेवारीत एवढं दंव पडतं, की तारेवर विसरलेला टॉवेल सकाळी पिळून काढावा लागतो. दोन्ही भिजणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. शांतवनला ते अंथरुणावर पडल्यावर सुचलं. पण एकदा ठरलेल्या अटी बदलणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो कूस बदलून झोपला.

उजाडताच तो गच्चीवर गेला. गच्ची ओलीचिंब होती. घोंगडी नव्हतीच.

शांतवन पायरीवर उभा राहिला तो उभाच. ओली घोंगडी म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं, कोरडी म्हणजे काय तेही. घोंगडीच नाही, याचा अर्थ शास्त्रात कुठं लिहिलेला त्याला आठवेना. देवाने आपला प्रश्नच उचलून नेला की काय? त्याने टाकीच्या मागे बघितलं. कठड्यावरून खाली गटारात बघितलं. मग त्याची पाचावर धारण बसली, कारण ती घोंगडी वडिलांची होती, आणि देवाशी व्यवहार करता करता वडिलांची शेवटची वस्तू आपण घालवली, हे त्याला मार्थाला सांगावं लागणार होतं.

"कोन रे वर? शांतवन काय?" खालून हाक आली. घरमालकीण शरिफाचाची तळमजल्यावर एकटी राहायची. नवरा कुवेतला नोकरी करून परतला आणि वर्षभरात वारला, मुलगा जुनैद आता तिथंच होता. "तुजी घोंगडी माज्याकडं हाय. खाली ये."

घोंगडी चाचीच्या चुलीशेजारच्या पाटावर घडी करून ठेवलेली होती. शांतवनने हात लावला. कोरडी होती आणि ऊबदार.

"सांजचं मिरच्या काडायला वर गेले तर ही पसरलेली," चाची म्हणाली. "म्हटलं मार्थाची रातपाळी, हा इसरला असंल. दंवात वाट लागली असती तिची. म्हनून खाली आनली."

"चाची," शांतवन कसाबसा म्हणाला, "ती भिजायलाच ठेवली होती."

"लोकरीची?"

"हो."

चाचीने त्याच्या कपाळाकडे बघितलं, ताप आहे का ते बघावं तसं. मग पुढ्यात चहा ठेवला. शांतवन दुसऱ्या पाटावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. दहेज, चिठ्ठ्या, टँकर, गहू झोडणारा माणूस, दंव. मनात असताना ही सगळी गोष्ट बरीच पवित्र वाटत होती. चाचीच्या चुलीपुढे मोठ्याने सांगताना तिचं काय होतंय हे त्याच्या त्यालाच ऐकू येत होतं. तीनपैकी दोनपर्यंत आला तेव्हा त्याने आवाज खाली आणला.

चाची हसली नाही. "म्हंजे मी अल्लाच्या कामात हात घातला," ती म्हणाली. "तोबा तोबा."

"नाही हो चाची, तुम्हाला काय माहीत."

"मंग मार्था काय म्हनते?"

"ती काही म्हणत नाही."

"तू इचारलंस?"

"आमचं ठरलंय. आपलं मत मध्ये आणायचं नाही म्हणून."

"कोनी ठरवलं?"

शांतवनने चहाचा घोट घेतला. चहा फार गरम होता, पण त्याने तो तसाच गिळला.

चाची चुलीतलं लाकूड आत सरकवत म्हणाली, "जुनैदचा बाप कुवेतला निघाला ना, तवा त्यानं सगळ्यांना इचारलं. मौलवींना इचारलं, मामूला इचारलं. त्या मुंबैच्या एजंटाकडं तर चकरा मारून मारून चपला झिजवल्या. मला निघायच्या आदल्या दिशी सांगितलं, दोन लुंग्या जास्त घाल बॅगेत म्हनून. मी नको म्हनले असते असं नाय. जा बी म्हनले असते. पन कोनी इचारलं नाय, तर मी बी नाय बोलले." ती थांबली. "आता तो नाय. तरी चुलीपुडं बसले की मनात येतं, इचारलं असतं तर मी काय बोलले असते. अजून मला ठाऊक नाय."

 शांतवनने घोंगडी काखेत मारली आणि तो वर आला. जिन्यात त्याला एकेक आठवत गेलं. तव्यावर टाकलेली भाकरी, वळून उघडलेलं तोंड, आपला वर गेलेला हात. त्याने चिठ्ठ्यांना विचारलं होतं, पाळकांना विचारलं होतं, गुजरात पासिंगच्या टँकरांनाही विचारलं होतं. त्याच घरात, त्याच प्रश्नात स्वतःचंही आयुष्य गुंतलेल्या माणसाला विचारायचं तेवढं राहिलं होतं. आणि देव बोलत नाही म्हणून रुसून बसला होता तो. लाज वाटली त्याला, आणि थोडं हसूही आलं, स्वतःचंच.

मार्था आली तेव्हा तो घोंगडी काखेत घेऊन दारातच उभा होता. रातपाळीने तिचे डोळे लाल झाले होते. तिने पिशवी खाली ठेवली आणि चपला काढू लागली.

"मार्था, आपण जायचं का गं दहेजला?"

चपलेच्या बंदावरचा तिचा हात थांबला. "बोलायचं नाही असं ठरलंय ना?"

"मी ठरवलं होतं. चुकलं माझं. तू सांग."

ती दारातल्या पायरीवरच बसली. बराच वेळ बोलली नाही. शांतवनने आयुष्यात वाट पाहण्याची एवढी प्रवचनं दिली होती, पण कोणाची वाट पाहताना छाती अशी धडधडते हे त्याला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

"मला नाही जायचं," मार्था म्हणाली. "काल एक पोलादपूरच्या वरून आली होती. पहिलटकरीण. रस्ता नाही, अर्धी वाट डोलीतून आणली. दारातून आत येताना विचारत होती, सिस्टर आहेत ना म्हणून. मी तिला कधी बघितलंही नव्हतं. अशा येतात त्या. दहेजला मला कोण ओळखतं? भाषा पण येत नाही. तिथं मी नुसती तुमची बायको असेन. वाईट नाही ते. पण मला इथं राहायचंय."

"आणि मी काय करू इथं?" शेवटी तो काटा घशातून बाहेर आला. "तुझ्या पगारावर बसून खाऊ? मला लाज वाटते मार्था. मला ते देवापुढेसुद्धा बोलता आलं नाही."

"मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"तुम्ही झोपेत बडबडता." ती थकलेलीच हसली. "काम मिळेल. नाही मिळालं लगेच, तर भाकऱ्या थापायला शिका. माझ्या करपतात हल्ली."

शांतवन तिच्याशेजारी पायरीवर टेकला. "तू काहीच कसं नाही बोललीस गं? इतके दिवस मला वाटलं, तू किती शांत आहेस."

"शांत कुठली? रोज प्रार्थना करत होते मी."

"काय मागत होतीस?"

"दुसरं काय मागणार? तुम्ही मला एकदा विचारावं एवढंच." तिने चप्पल बाजूला ठेवली. "तुम्ही त्या चिठ्ठ्या काढत होतात ना, तेव्हा तर मला वाटलं होतं, की आता देवालासुद्धा जमायचं नाही."

 या घरात देवाची वाट कोणीतरी पाहत होतं हे खरं होतं. शांतवन मात्र आपणच ते, असं समजून सगळ्या गावाला प्रवचन देत सुटला होता. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्याने पुसलेही नाहीत.

"ही घोंगडी काय करतेय बाहेर?" मार्थाने विचारलं.

"नंतर सांगतो. तू आधी झोप."

ती आत जाऊन आडवी झाली आणि लगेच झोपली. शांतवनने वडिलांची घोंगडी तिच्या अंगावर पांघरली. चुलीची ऊब अजून तिच्यात होती. तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते. तो फोन घेऊन दाराबाहेर गेला.

"पारधे, आज शेवटचा दिवस. काय ठरलं?"

"आम्ही राहतोय साहेब," शांतवन हळू आवाजात म्हणाला. "नंतर बोलू का? बायको रातपाळी करून आलीय, आत्ताच झोपलीय."